आधी रोगी, मग पुस्तक

आपण दवाखान्यात जातो तेव्हा डॉक्टरांना काय सांगतो? ‘पोटात कालवतंय’, ‘चार पावलं चाललं की धाप लागते’, ‘रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही’. ‘माझ्या अमुक ग्रंथीचा स्राव कमी पडला आहे, तेव्हा आपल्या पुस्तकाचे तीनशेविसावे पान उघडा’, असे सांगणारा रोगी अजून जन्माला यायचा आहे. रोगी आपले दुखणे आपल्या बोलीत मांडतो, आणि त्या पाच-सात वाक्यांवरून नेमका रोग कोणता हे डॉक्टराला हुडकून काढावे लागते. पण हाच डॉक्टर शिकतो कसा? आधी शरीराची रचना, मग शरीराचे व्यापार, मग रोगांची कारणे, मग औषधे, आणि हे सारे पाठ झाल्यावर सर्वांत शेवटी रोगी. म्हणजे जन्मभर जायचे रोग्याकडून पुस्तकाकडे, आणि शिकायचे मात्र पुस्तकाकडून रोग्याकडे! ही वाट उलटी तर नाही ना, असा प्रश्न जगात काही शिक्षकांना पडला, आणि त्यातून शिकण्याची एक निराळी रीत निघाली. त्या रीतीविषयी, आणि विशेषतः ती ज्यांच्यावर बेतते त्या विद्यार्थ्यांना तिच्याबद्दल काय वाटते याविषयी, आज मी आपल्याशी बोलणार आहे.

मी स्वतः डॉक्टर नव्हे. अध्यापक महाविद्यालयात उद्याच्या शिक्षकांना शिकवणे हा माझा व्यवसाय. पण गेल्या दिवाळीत माझी पुतणी आपल्या चार वर्गसोबत्यांना घेऊन घरी आली. ही मुले एका वैद्यकीय महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहेत. फराळाच्या ताटांभोवती दोन दिवस आमच्या ओसरीवर एकच वाद रंगला. त्यांच्याकडे दीडशे मुलांच्या वर्गाला व्याख्याने तर असतातच. पण आठवड्यातून दोनदा आठ-आठ जणांचे गट करून बसवतात. या रीतीला ‘समस्याधारित शिक्षण’ असे भारदस्त नाव आहे. मुले तिला नुसते ‘गट’ म्हणतात. एका मुलीला गट म्हणजे जीव की प्राण, तर दुसरीला तो निव्वळ वेळेचा अपव्यय वाटतो. एकाला गट आवडतो, पण परीक्षा जवळ आली की त्याच्या पोटात गोळा उठतो. आणि एक मुलगा पहिल्या दिवशी काहीच बोलला नाही. त्या न बोलणाऱ्या मुलाकडे आपण मागाहून येऊ.

ही कल्पना आली कोठून? कॅनडा देशात ऑन्टॅरिओ प्रांतात हॅमिल्टन नावाचे पोलादाच्या कारखान्यांचे एक शहर आहे. तेथील मॅकमास्टर विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यालयात १९६९ साली पहिली तुकडी दाखल झाली. विद्यार्थी अवघे वीस. या विद्यालयाचे पहिले प्रमुख जॉन एव्हान्स आणि त्यांचे सहकारी यांनी एक गोष्ट अनेक ठिकाणी पाहिली होती. मोठ्या उमेदीने आलेली मुले दोन वर्षे नुसती घोकंपट्टी करून कंटाळतात, आणि खाटेजवळ उभे राहण्याची वेळ येते तोवर घोकलेले बरेचसे विसरलेली असतात. म्हणून त्यांनी ठरवले, की व्याख्यानांची माळ गुंडाळून ठेवायची, मुलांचे लहान गट करायचे, आणि पहिल्या आठवड्यापासून त्यांच्यापुढे रोगी ठेवायचा. प्रत्यक्ष नसला तर कागदावर लिहिलेला. पुढे १९७४ साली नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट येथे आणि १९७८ साली ऑस्ट्रेलियातील न्यूकॅसल येथे हीच रीत उचलली गेली. १९८५ साली अमेरिकेतील हार्वर्डसारख्या जुन्या विद्यापीठानेही तिला आपल्या अभ्यासक्रमात जागा दिली.

योगायोग असा, की त्याच १९६९ साली आपल्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. तेथील रीत वेगळी. पण प्रत्येक नव्या तुकडीने एक खेडे दत्तक घ्यावे, तेथे जाऊन राहावे आणि घराघरातल्या माणसांकडून शिकावे, असा तेथला परिपाठ. दोन्हीकडे तळमळ एकच, ती म्हणजे माणूस आधी दिसला पाहिजे.

आणि एवढे दूर तरी कशाला जावे? आपल्या चरकसंहितेच्या विमानस्थानात ‘तद्विद्यसंभाषा’ सांगितली आहे. तद्विद्य म्हणजे तीच विद्या जाणणारा. वैद्याने वैद्याशी बोलावे. त्याने ज्ञान वाढते, संशय फिटतो, वाणी स्वच्छ होते. चरकाने या बोलण्याचे दोन प्रकारही सांगितले आहेत. एक सलोख्याने केलेले, दुसरे भांडणाच्या आवेशाने केलेले. आजच्या गटांतही हे दोन्ही प्रकार पाहायला मिळतात!

आता गटात प्रत्यक्ष चालते काय, ते त्या मुलांच्याच तोंडून ऐकलेल्या एका उदाहरणाने सांगतो.

आठ मुले टेबलाभोवती बसली आहेत. एक जण अध्यक्ष, एक जण फळ्यावर लिहिणारा. ही कामे दर वेळी बदलतात. शिक्षक असतात, पण ते एका बाजूला बसतात. एक कागद वाचला जातो. ‘पस्तीस वर्षांचा शेतमजूर. महिना ऑक्टोबर. दुपारी शेतातून घरी आला तो ओकाऱ्या करीतच. अंगाला दरदरून घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांना पाणी, श्वासाला घरघर. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. हातापायांचे स्नायू फडफडत आहेत.’ बस्स, एवढेच. पुढे काय ते तुम्ही सांगा!

मास्ट्रिख्टच्या शिक्षकांनी या कामाच्या सात पायऱ्या बांधून दिल्या आहेत. पहिली, न कळलेले शब्द उकलणे. दुसरी, नेमका प्रश्न काय तो मांडणे. तिसरी, प्रत्येकाने सुचेल ते कारण सांगणे, मग ते चुकीचे असले तरी चालेल. चौथी, त्या कारणांची नीट जुळणी करणे. पाचवी, आणि माझ्या मते सर्वांत मोलाची, आपल्याला काय ठाऊक नाही त्याची यादी करणे. सहावी, घरी किंवा ग्रंथालयात जाऊन ज्याने त्याने ते शोधणे. सातवी, दोन-तीन दिवसांनी परत जमून मिळालेले एकमेकांना सांगणे, तपासणे, आणि मूळ रोग्याला लावून पाहणे.

त्या दिवशी गटात कोणी म्हणाले, उष्माघात. कोणी म्हणाले, दम्याचा झटका. एकाने सर्पदंशही काढला. ‘मग बाहुल्या एवढ्या बारीक का?’ या एका प्रश्नावर गाडी अडली. शिक्षकांनी उत्तर दिले नाही. एवढेच विचारले, ‘तो शेतात काय करीत होता हे तुम्ही त्याला विचारलेत का?’ मग दुसरा कागद निघाला. तो माणूस कपाशीवर कीटकनाशक फवारीत होता.

यादी तयार झाली. हे विष शरीरात करते काय? मुले दोन दिवसांनी शोधून आली ती अशी. आपल्या नसा स्नायूंना आणि ग्रंथींना निरोप पोचवतात तो एका रसायनाच्या हाती. निरोप पोचला की ते रसायन मोडून टाकणारे एक विकर तेथेच तयार असते. फवारणीच्या औषधांचा एक मोठा वर्ग नेमके हे विकरच बंद पाडतो. मग निरोप थांबतच नाही. लाळ सुटते ती सुटतेच, घाम येतो तो येतच राहतो, छातीत पाणी साचते, बाहुल्या आवळतात. अ‍ॅट्रोपीन नावाचे औषध पुन्हा पुन्हा का टोचावे लागते, हे आता मुलांना पाठ करावे लागले नाही; ते त्यांना कळले. एका शेतमजुराच्या पाठीमागे शरीररचना, शरीरक्रिया, विषशास्त्र आणि औषधशास्त्र असे चार विषय एका दोरीत ओवले गेले. व्याख्यानात हेच चार विषय चार वेगळ्या महिन्यांत, चार वेगळ्या तोंडांनी ऐकायला मिळाले असते.

म्हणून गट आवडणारी मुले म्हणतात, “काका, लेक्चरमधलं परीक्षेपुरतं राहतं; पण या माणसाला मी विसरूच शकत नाही.” ज्ञान माणसाला चिकटले की टिकते, हा त्यांचा अनुभव. दुसरे म्हणजे झोप येत नाही. दीडशेंच्या वर्गात शेवटच्या बाकावर काय चालते ते मी शिक्षक म्हणून जाणतो, आपणही जाणता. आठांच्या गटात डुलकी घ्यायची म्हटली तरी पंचाईत. तिसरे, आपले म्हणणे मांडायची, दुसऱ्याचे खोडायची आणि आपले खोडले गेले तर न रुसण्याची सवय लागते. डॉक्टरला जन्मभर परिचारिका, सहकारी आणि नातेवाईक यांच्यासह काम करायचे असते. ही सवय त्याला कोणते पुस्तक लावणार?

हे झाले गोड. आता कडूही ऐका, कारण विद्यार्थी ते तितक्याच मोकळेपणाने सांगतात.

पहिली तक्रार अशी, की ‘किती वाचायचे?’ व्याख्यानाला काठ असतो; सरांनी एवढे सांगितले, एवढे आले म्हणजे झाले. गटाला काठ नाही. यकृताचा प्रश्न घेऊन ग्रंथालयात बसलेला मुलगा मध्यरात्री कोठल्या कोठे पोचतो, आणि तरी त्याच्या मनाला खात्री नाही. “आपण आठ जण काहीच न जाणणारे. एकमेकांना काय शिकवणार? आंधळ्यानं आंधळ्याचा हात धरायचा!” असे एक मुलगी तावातावाने म्हणाली. तिचे म्हणणे हसण्यावारी नेता येत नाही. गटात कोणी चुकीची गोष्ट ठामपणे सांगितली आणि शिक्षक गप्प राहिले, तर ती चूक आठ वह्यांत जाते.

दुसरी तक्रार परीक्षेची. शिकवायचे गटात आणि परीक्षा घ्यायची जुन्या साच्याची, तर मुलाने कोणता देव पुजायचा? आपल्याकडची मुले येतात तीच मुळी चार पर्यायांतून एक निवडण्याच्या परीक्षेतून. एक चुकले की गुण वजा. दोन वर्षे सतरा-अठरा वयाच्या पोरांनी तेच केलेले असते. कॅनडात वैद्यकाला येणारा विद्यार्थी बहुधा आधी महाविद्यालयात काही वर्षे काढून, थोडा पोक्त होऊन आलेला असतो. आमच्या पोरांना मात्र बारावीच्या बाकावरून उठवून विचारतात, ‘तुम्हांला काय ठाऊक नाही ते फळ्यावर लिहा.’ माझी पुतणी म्हणाली, “काका, पहिल्या दिवशी मला अक्षरशः रडू आलं. आजवर जे लपवायला शिकले होते, तेच मोठ्यानं वाचून दाखवायचं!”

तिसरी तक्रार गटातल्या माणसांची. एक असतो तो एकटाच बोलतो. जणू बाकीचे सात श्रोते आणि हा आकाशवाणी! दुसरा दर वेळी उशिरा येतो आणि दुसऱ्यांनी शोधलेल्यावर पोट भरतो. तिसरा बोलतच नाही. आणि शिक्षकांचेही दोन प्रकार. एकाला गप्प बसवत नाही; गटात येऊन तो तासभर व्याख्यानच देतो. दुसरा असा गप्प बसतो की तो जागा आहे की नाही याची शंका यावी. मुलांना यांतला कोणताच नको असतो. ‘वाट चुकलो तर हाक मारणारा, पण बोट धरून न नेणारा’ शिक्षक त्यांना हवा असतो. असा शिक्षक मिळाला तर गट रंगतो, नाही तर तोच गट रटाळ होतो, यावर ओसरीवरल्या पाचही जणांचे एकमत होते. दोन दिवसांतले ते एकमेव एकमत.

आता एखादा म्हणेल, पाच मुलांच्या गप्पांवर काय ठरवायचे? रास्त आहे. १९९३ साली आल्बानीज आणि मिचेल या अभ्यासकांनी १९७२ पासूनच्या वीस वर्षांत या रीतीवर इंग्रजीत जे लिहिले गेले ते सगळे चाळून पाहिले. निष्कर्ष असा निघाला, की मुलांना ही रीत व्याख्यानांपेक्षा अधिक आपुलकीची आणि आनंदाची वाटते. रोगी तपासण्याच्या परीक्षांत ही मुले इतरांच्या बरोबरीने किंवा क्वचित सरस उतरतात. पण मूलभूत शास्त्रांच्या परीक्षांत काही ठिकाणी ती मागे पडली, आणि आपला पाया कच्चा राहिला असे काही मुलांना स्वतःलाच वाटले. वर्ग शंभरांहून मोठा असेल तर ही रीत खर्चाला झेपणे कठीण, असा इशाराही त्यांनी देऊन ठेवला. म्हणजे आमच्या ओसरीवर जे गोड-कडू निघाले, तेच थोड्याफार फरकाने तेथेही निघाले होते.

मास्ट्रिख्टने १९७७ पासून ‘प्रगती-चाचणी’ सुरू केली, आणि १९९० नंतर मॅकमास्टरनेही ती स्वीकारली. ही चाचणी मोठी मजेदार आहे. पहिल्या वर्षाचा आणि शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी एकच प्रश्नपत्रिका सोडवतो, तीही वर्षातून अनेकदा. घोकून तयारी करणे शक्यच नाही. आपण कोठवर आलो एवढेच कळते. आणि मास्ट्रिख्टच्या चाचणीत अनेक वर्षे प्रत्येक प्रश्नाला आणखी एक उत्तर असे, ‘मला ठाऊक नाही’. ते निवडले तर गुण मिळत नसत, पण जातही नसत. अंदाजाने ठोकून दिले आणि चुकले तर मात्र गुण कापले जात. मला या एका गोष्टीचे फार अप्रूप वाटले. जो डॉक्टर ठाऊक नसताना ठोकून देतो त्याचे गुण कापायचे, आणि जो प्रामाणिकपणे ‘नाही ठाऊक’ म्हणतो त्याला निदान शिक्षा करायची नाही. रोग्याच्या दृष्टीने पाहा. आपल्याला यांतला कोणता डॉक्टर हवा?

आपल्याकडेही वारे फिरले आहे. भारतीय वैद्यक परिषदेने २०१९ साली एम.बी.बी.एस.चा नवा अभ्यासक्रम आणला. निव्वळ व्याख्यानांना एक तृतीयांशाहून जास्त वेळ देऊ नये, उरलेला वेळ चर्चा, प्रात्यक्षिके आणि रोग्यांसाठी ठेवावा, असे त्यात सांगितले. २०२० साली परिषदेची जागा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने घेतली. पण ही दिशा कायम राहिली. कागदावर दिशा ठरली तरी दीडशे मुलांना आठ-आठांत बसवायचे तर एकोणीस खोल्या आणि एकोणीस शिक्षक हवेत, हे गणित मात्र कोणालाच चुकत नाही.

आता त्या न बोलणाऱ्या मुलाकडे येऊ.

तो वऱ्हाडातला, कापसाच्या पट्ट्यातला. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेला. दुसऱ्या दिवशी तो बाहेर विहिरीपाशी उभा होता तेव्हा पुतणीने मला हळूच सांगितले, “काका, त्या फवारणीच्या बैठकीत काय झालं ते त्याच्यामुळेच.” झाले होते असे. दुसऱ्या बैठकीत, ‘या मजुराने तोंडाला काही बांधले का नव्हते?’ असा प्रश्न निघाला. फळ्यावर लिहिणाऱ्याने कारण म्हणून एकच शब्द लिहिला, ‘अज्ञान’. तीन आठवडे तोंड न उघडलेला हा मुलगा उठून उभा राहिला आणि मराठीत म्हणाला, “तो शब्द पुसा.”

सगळे चपापले. मग तो थांबत थांबत बोलला. कपाशी डोक्याच्या वर गेलेली असते. फवारा वर धरावा लागतो. धरला की तोच तोंडावर येतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात तोंड बांधले तर जीव घाबरतो. मजुरी पंपाच्या हिशेबाने मिळते, थांबेल त्याचे नुकसान. दोन-तीन औषधे एकत्र करून मालक देतो. बाटलीवरची अक्षरे मुंगीएवढी. आणि पाठीवरचा पंप गळतो, त्याने सदरा भिजतो, तोच भिजलेला सदरा दिवसभर अंगावर राहतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकड्यांनी दवाखान्यात पडले. तेव्हा हा मुलगा शाळकरी होता. त्याचे वडील तेव्हा फवारणीलाच जात असत.

फळ्यावरचा ‘अज्ञान’ शब्द पुसला गेला, त्या जागी पाच ओळी आल्या. आणि त्या पाच ओळींतून मुलांच्या यादीत एक नवा प्रश्न पडला. हे विष नुसते श्वासातून जाते की कातडीतूनही? शोधल्यावर कळले, की भिजलेल्या कातडीतूनही ते चांगलेच शिरते. म्हणजे नुसते तोंड बांधून भागले नसते! गटातल्या सर्वांत हुशार समजल्या जाणाऱ्या मुलांना जे सुचले नव्हते, ते ज्याने फवारणी पाहिली होती त्याला ठाऊक होते. फक्त ते कामाचे ज्ञान आहे हे त्याला आजवर कोणी सांगितले नव्हते.

श्रोतेहो, गोष्ट येथे संपवली तर फार गोड होईल. पण ती खरी होणार नाही. मी त्या मुलाला विचारले, “मग आता बोलतोस ना?” तो म्हणाला, “नाही सर. पुढच्या बैठकीत मूत्रपिंडाचा विषय होता. मी परत गप्प. उत्तर येत असतं, पण ते इंग्रजीत जुळवेपर्यंत चर्चा दोन गावं पुढं गेलेली असते.” थोडा वेळ गेल्यावर तोच म्हणाला, “आता नव्या मॅडम आल्यात. त्या सुरुवातीला फेरी घेतात. ज्यानं त्यानं एक वाक्य बोलायचं, ज्या भाषेत येईल त्या भाषेत. तेव्हापासून निदान एक वाक्य तरी होतं. सर, लेक्चरला दीडशे जणांत लपता येतं. इथं लपता येत नाही. त्याची भीती वाटते. पण लपून राहिलो असतो तर पुढं रोग्याशी काय बोललो असतो?”

मला वाटते, गटाच्या रीतीबद्दल विद्यार्थ्यांचे जे मत आहे त्याचे सार या मुलाच्या बोलण्यात आहे. ज्या कारणासाठी मुलांना गट आवडतो त्याच कारणासाठी त्यांना त्याची भीती वाटते. तेथे आपले न येणे उघडे पडते. ते उघडे पडल्यावर हसू होणार असेल, तर मूल पुन्हा तोंड उघडत नाही, आणि मग आठांचा गट दीडशेंच्या वर्गाहून वाईट. तेथून शिकणे सुरू होणार असेल, तर याहून चांगली शाळा नाही. हा फरक शिक्षकाच्या वागण्याने पडतो. त्याला ना मोठी इमारत लागते ना परदेशी पुस्तके.

म्हणून माझ्या शिक्षकबंधूंना आणि भगिनींना दोन शब्द. ही रीत वैद्यकाच्या मुलांपुरतीच आहे असे मानू नका. आपल्या सातवीच्या वर्गात महिन्यातून एकदा करून पाहा. सहा-सहा मुलांचे गट करा. पुस्तकातला धडा बाजूला ठेवून गावातला एक खरा प्रश्न द्या. वरच्या आळीत पावसाळ्यात मुलांना जुलाब होतात, खालच्या आळीत होत नाहीत, असे का? अध्यक्ष आणि लिहिणारा दर वेळी बदला, म्हणजे पाटलाचे पोर बोलणार आणि मजुराचे ऐकणार असे होणार नाही. आधी प्रत्येकाचे एक वाक्य घ्या, घरच्या बोलीत आले तरी घ्या. ‘काय ठाऊक नाही’ त्याची यादी करायला लावा, आणि त्या यादीवर आपलाही एक प्रश्न लिहा; गुरुजींनाही ठाऊक नसते हे मुलांना कळू द्या. आणि शेवटची दहा मिनिटे मात्र आपल्या हातात ठेवा. चूक राहिली असेल तर ती त्या दिवशीच दुरुस्त करा. मुलांना अधांतरी घरी पाठवू नका.

आणि शेतकरी, शेतमजूर बंधुभगिनींना एक विनंती. सरकारी रुग्णालयात आपल्या खाटेभोवती पांढरे डगले घातलेली पोरे जमतात, तेच ते प्रश्न चार-चारदा विचारतात, आणि आपण वैतागतो. वैतागू नका. ती मुले तेव्हा आपल्याकडून शिकत असतात. काम काय करता, पाणी कोठले पिता, फवारणी कशी करता, सारे खरेखरे सांगा. फवारणीचा विषय निघालाच आहे म्हणून तेही सांगून ठेवतो. फवारणीनंतर कोणाला ओकारी, लाळ, घाम, धाप असे झाले तर भिजलेले कपडे लगेच काढा, अंग साबण-पाण्याने धुवा. हे करताना आपल्या हातांना ते औषध लागू देऊ नका. आणि घरगुती उपायांत वेळ न दवडता, बाटली नाही तर तिच्यावरचा कागद बरोबर घेऊन, त्याला दवाखान्यात पोचवा. बाटली हाती आली की डॉक्टराचा अर्धा प्रश्न सुटतो.

निघताना त्या मुलाने मला नमस्कार केला तेव्हा मी त्याला म्हटले, “तुझ्या गावच्या दवाखान्यात बसशील तेव्हा गट असणार नाही रे तुझ्याभोवती.” तो हसला. म्हणाला, “असेल की सर. बाकावर बसलेले असतातच ना आठ-दहा जण. फक्त मी त्यांना आधी विचारायला हवं.”